विस्मृतीत गेलेला ‘रामशास्त्री’

ऐतिहासिक चित्रपट म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, हे सांगावयास नको. उसळणारे घोडे, लखलखणाऱ्या तलवारी, गडावर फडकणारा भगवा आणि अंगावर काटा आणणारे वाद्यांचे घोष! त्यांचा मला तिटकारा नाही. परंतु ज्याच्या नायकाने हाती शस्त्र धरले नाही आणि तरीही ज्याच्यापुढे सत्ताधीशाला मान खाली घालावी लागली, असा एक कृष्णधवल चित्रपट मराठीत १९४४ सालीच होऊन गेला. तो म्हणजे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘रामशास्त्री’.

दैव कसे विचित्र पाहा! अनंत मराठे व बेबी शकुंतला या बालनटांनी गायिलेले त्यातील शांताराम आठवले यांचे गीत आजही घरोघरी गुणगुणले जाते. पण ते कोणत्या चित्रपटातील, असे विचारले तर दहांपैकी नऊजण गप्प बसतात. ‘संत तुकाराम’चे नाव सर्वांना ठाऊक असते, ‘रामशास्त्री’ मात्र मागे पडला. शांतारामबापू १९४२ साली ‘प्रभात’ सोडून गेले होते. संस्थेची घडी विस्कटू लागली होती. या एका चित्रपटाला राजा नेने, विश्राम बेडेकर आणि गजानन जागीरदार असे तीन दिग्दर्शक लाभले. इतके हात लागूनही कलाकृती एकसंध उतरली, हे नवलच म्हणावयाचे. त्याचे बरेचसे श्रेय स्वतः रामशास्त्री झालेल्या जागीरदारांना द्यावे लागेल. त्यांचा शास्त्री ओरडत नाही. त्याच्या स्थिर नजरेत आणि संथ, ठाम बोलण्यातच न्यायासनाचा दरारा आहे.

कथा तुम्हांस पाठ्यपुस्तकातून परिचित आहेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर आले आणि राज्याच्या मुख्य न्यायाधीशाने आपल्याच धन्याला दोषी ठरवून देहान्त प्रायश्चित्त सांगितले. ती शिक्षा कधीच अमलात आली नाही. शास्त्रीबुवा पद सोडून पुण्याबाहेर पडले. आजच्या चित्रपटाला असा शेवट बहुधा फिका वाटेल. मला मात्र तलवारीच्या दहा झुंजींपेक्षा ते पाठ फिरवून निघून जाणे अधिक थरारक वाटते. शिवाय १९४४ साल आठवा. परकीय सत्ता डोक्यावर होती, देशाचे कित्येक पुढारी तुरुंगात होते. अशा वेळी राजालाही कायदा लागू आहे, हे पडद्यावर दाखविले जात होते.

आपला हा मुलूख त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. तेथेही वारसाचा तंटा पेटला होता. १७७५ साली पाचगावच्या लढाईत मुधोजींनी आपल्या भावाला, साबाजींना, ठार केले. न्यायासनाचा प्रश्न तेथे उद्भवलाच नाही. पुण्याचा तो निवाडा किती दुर्मीळ होता, हे आपल्या घरच्या इतिहासावरूनच कळते.

चित्रपट म्हणजे इतिहासग्रंथ नव्हे, हेही ध्यानी ठेवावे. ललिता पवार यांची आनंदीबाई पाहिली की ‘ध’चा ‘मा’ आठवल्यावाचून राहत नाही; पण ती आख्यायिका आहे, न्यायालयात टिकेल असा पुरावा नव्हे. रामशास्त्र्यांनीच तो मागितला असता!

पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत जुन्या चित्रपटांची हजारो रिळे भस्मसात झाली. जे उरले आहे ते पाहणारेच नसतील, तर जतन तरी कोणासाठी करावयाचे? माझी मायबोली कोंकणी. पुस्तकी मराठी कानाला गोड कशी लागते, हे मला अशा जुन्या बोलपटांनीच शिकविले. लोधीखेड्यातील मुले घरी मराठी आणि बाजारात हिंदी बोलतात. ‘रामशास्त्री’ तर दोन्ही भाषांत निघाला होता. स्नेहसंमेलनाच्या आठवड्यात एका संध्याकाळी मराठी व दुसऱ्या संध्याकाळी हिंदी आवृत्ती शाळेच्या पडद्यावर दाखवावी, आणि पालकांनाही बोलवावे. प्रतीवर ओरखडे असतील, आवाज मधूनच खरखरेल. पहिली दहा मिनिटे कुरकूर होईल, त्याची तयारी मी ठेवली आहे.