कर्कशपणाचा बंदोबस्त

मगरिबची नमाज झाली की आमच्या भाच्याची गिटार सुरू व्हायची. जुनी, स्वस्तात घेतलेली इलेक्ट्रिक गिटार आणि तिचा छोटा ॲम्प्लिफायर. कळंब्यात बहिणीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, त्यामुळे अम्मी कानावर ओढणी घट्ट धरून बसायच्या. मुलगा दहावीला विज्ञानात एकदा नापास झालेला. दुल्हाभाईंनी शेवटी सांगून टाकलं, "जुम्म्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर विकून टाकतो."

संगीत जायज की नाजायज यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्याचा निकाल देण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही एवढंच पाहिलं की, आवाज बारीक केला तरी अम्मींना त्रास व्हायचाच. म्हणजे आवाज मोठा नव्हता, टोकदार होता.

टोक बोथट करण्याची विद्या आपल्या भागात जुनीच आहे. इथून पन्नासेक किलोमीटरवर मिरज. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तिथला कारागीर घोडीचा माथा कानसाने हळूहळू घासतो, त्याला जवारी काढणं म्हणतात. खुली जवारी आवाज चमकदार करते, बंद जवारी मऊ. तंबोऱ्याच्या तारेखालचा सुताचा दोरा किंचित सरकवला तरी नाद बदलतो.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये घासायला काही नाही, तिथे हे काम विजेकडून करून घ्यावं लागतं. नववीतला ध्वनीचा धडा आठवा: तीक्ष्ण स्वर म्हणजे जास्त वारंवारता. कपॅसिटर नावाचा दोन पायांचा चिमुकला भाग कमी वारंवारतेला अडवतो आणि जास्त वारंवारतेला वाट देतो. गिटारच्या तारेतून ही वाट जमिनीकडे, म्हणजे अर्थिंगच्या तारेकडे, काढून दिली की तीक्ष्णपणा तिकडून निघून जातो आणि भरदार आवाज पुढे जातो. किती जाऊ द्यायचा ते मधल्या गोल बटणाने ठरतं. जुन्या रेडिओचं 'टोन' बटण बहुधा याच तत्त्वावर चाले.

सामान थोडं लागलं. 250 किलोओमचं व्हॉल्यूम कंट्रोल, 473 लिहिलेला कपॅसिटर (47 वर तीन शून्यं, पिकोफॅरडमध्ये), गिटारची पिन बसेल असे दोन जॅक, थोडी तार आणि बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा. बॅटरी लागत नाही. दोन्ही जॅकच्या टोकाकडच्या पट्ट्या एका तारेने जोडल्या. त्या तारेवरून कंट्रोलच्या मधल्या पायाला फाटा नेला, कडेच्या एका पायाला कपॅसिटर, आणि कपॅसिटरचा दुसरा पाय जॅकच्या बाहेरच्या भागाला. तोच भाग पत्र्याला टेकतो, म्हणून डबा बाहेरची गुणगुण अडवतो. प्लॅस्टिकचा डबा घेऊ नये.

डाग भाच्यानेच दिले. आमच्या हाताने दिलेला पहिला डाग गोळा होऊन गळून पडला. "मामू, आधी पाय तापवा, मग कथील," असं त्याने आम्हाला शिकवलं. वीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून आमच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

गुरुवारी रात्री लावलं तर आवाज पूर्ण बंद. पुन्हा खोलून पाहिलं तर सगळे जोड बरोबर. झाकण लावलं की पुन्हा मुकं. तासभर आम्ही आकृतीच तपासत बसलो. भाच्याने मात्र रिकाम्या जॅकमध्ये पिन खुपसली आणि आतली पट्टी पाहिली. पिन आत गेली की पट्टी बाहेर वाकत होती आणि थेट डब्याच्या भिंतीला टेकत होती! पिन काढली की ती आपली आपण सुटायची, म्हणून आम्हाला दिसत नव्हती. त्याने आतून चिकटपट्टीचा तुकडा लावला.

परीक्षेत असा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि विचारला असता तर आम्ही नापास झालो असतो.

शुक्रवारी जुम्म्याहून आल्यावर दुल्हाभाई डबा हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट बघत राहिले. भाचा वाजवत होता. त्यांनी स्वतःच बटण फिरवून पाहिलं, एकदा तीक्ष्ण, एकदा मऊ. मग पलीकडून भिंतीवर टकटक झाली आणि अम्मींचा आवाज आला, "बस, आता तिथंच राहू दे."