वस्ती कोठे करावी?



दीक्षा घेतल्यानंतर विहारात जे पाठ आपल्या कानी वारंवार पडतात त्यांत महामंगल सुत्त आहे. मंगल कशास म्हणावे हे सांगताना भगवंतांनी ग्रह, नक्षत्र व मुहूर्त यांचे नावही घेतलेले नाही. मूर्खांची संगत टाळावी व शहाण्यांची धरावी हे सांगून झाल्यावर, अनुरूप ठिकाणी वास करणे हेही एक उत्तम मंगल होय, असे त्यांनी सांगितले आहे. घर कोठे करावे हा केवळ भाड्याचा व अंतराचा प्रश्न नसून तो धम्माचाही प्रश्न आहे, हे त्यावरून दिसून येईल. गाव सोडून मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत बिऱ्हाड नेऊ पाहणारी अनेक कुटुंबे वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे येतात. परंतु त्यांतील बहुतेक येतात ती घर घेतल्यानंतर, म्हणजे फसल्यानंतर. ती अगोदर आली असती तर जे सांगितले असते, ते आज येथे लिहीत आहोत.

गाव सोडू नये असे आम्ही कोणासही सांगणार नाही. गावगाडा आपणांस काय देतो याविषयी बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत निःसंदिग्ध शब्दांत आपले मत मांडले होते. त्यापूर्वी जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र वसाहतींची मागणी केली होती, ती याच गावगाड्यातून सुटण्यासाठी. परंतु गाव सोडले म्हणजे गावकूस सुटले, असा समज कोणी करून घेऊ नये. शहरातही गावकूस आहे. ते दगडाचे नसते. ते दलालाच्या एका प्रश्नात असते : "पूर्ण नाव काय म्हणालात?"

या प्रश्नापुढे आपली माणसे दोन चुका करतात. पहिली चूक नाव लपविण्याची. एक पक्षकार भगिनी आम्हांस सांगत होत्या. त्यांच्या यजमानांनी खोली मिळावी म्हणून आडनाव बदलून सांगितले, आणि सामान हलविताना बाबासाहेबांची व बुद्धांची तसबीर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकली. सहा महिने कोणास काही कळले नाही. पुढे शाळेच्या दाखल्यावरून शेजारी उमगले आणि घरमालकाने पंधरा दिवसांत खोली रिकामी करण्यास सांगितले. त्या बाई म्हणाल्या, "खोली गेल्याचे काही वाटले नाही, वकीलसाहेब. मुलीने विचारले, आई, बाबासाहेबांनी काही वाईट केले होते काय, की आपण त्यांना लपवून ठेवले? तिला मी काय सांगू?" आमच्यापाशीही त्याचे उत्तर नव्हते.

बाबासाहेबांवरही हा प्रसंग आला होता व त्यांनी तो स्वतः लिहून ठेवला आहे. १९१७ साली अमेरिकेतून विद्या संपादून ते बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले, तेव्हा राहण्यास जागा मिळेना म्हणून एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. ज्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला त्या दोघांनीही नकार दिला. सार्वजनिक बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने त्यांना मुंबई गाठावी लागली. एवढ्या मोठ्या विद्वानाला परक्या नावाचे छप्पर पंधरा दिवसही पुरले नाही, ते आपणांस किती दिवस पुरणार? पुढे ते परळच्या चाळीत दोन खोल्यांत अनेक वर्षे राहिले, आणि नंतर दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले. दोन्ही ठिकाणी ते स्वतःच्या नावाने राहिले.

आपण पंचशील घेतो. त्यांतील चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे. नाव लपविणाऱ्या बांधवास आम्ही दोष देत नाही. ज्याच्या पाठीवर लहान मूल आणि हातात ट्रंक आहे त्याची अडचण आम्ही जाणतो. परंतु व्यवहाराच्या दृष्टीनेही हे पाऊल हानीचे आहे. खोट्या नावावर केलेला करार न्यायालयात आपल्याच अंगावर येतो. नाव आरंभीच सांगावे. जो घरमालक नाव ऐकून नकार देणार आहे, तो आज देईल तर आपली एक फेरी वाया जाईल; सहा महिन्यांनी देईल तर मुलांचे वर्ष वाया जाईल.

दुसरी चूक याच्या उलट आहे. नकारांना कंटाळून माणूस म्हणतो, आपल्या माणसांत मिळेल ती जागा घेऊ. आपल्या माणसांत राहण्यात गैर काहीच नाही. आजारात, रात्रीबेरात्री, मयतीला तीच धावून येतात. परंतु "आपली वस्ती" एवढ्या एकाच गुणावर, कागद न पाहता, आयुष्याची पुंजी ओतणे हा आत्मघात होय. २०२५ च्या आरंभी नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवर उभ्या केलेल्या ४१ इमारती न्यायालयाच्या आदेशाने पाडण्यात आल्या. तेथील कुटुंबांनी रोख पैसे मोजून घरे घेतली होती. बांधणारा दूर राहिला आणि राहणारा रस्त्यावर आला. तेव्हा कागदाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगतो.

भाड्याने घर घेत असाल तर करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९, याच्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही असे दलाल सांगतात, ते खोटे आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार कितीही महिन्यांचा असो, त्याची नोंदणी आवश्यक आहे; नोटरीचा शिक्का तिची जागा घेऊ शकत नाही. नोंदणी झालेली नसेल आणि वाद उत्पन्न झाला, तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. डिपॉझिट रोख देऊ नये, बँकेतून द्यावे. भाड्याची पावती मागावी. ती देणे घरमालकावर बंधनकारक आहे.

विकत घेत असाल तर अधिक सावध राहा. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर केलेल्या नोटरी लेखाने घराची मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत लागते. शहराच्या कडेला गुंठा-दोन गुंठ्यांचे प्लॉट स्वस्तात मिळतात. तेथे सातबारा कोणाच्या नावे आहे, जमीन बिनशेती झाली आहे काय, विकास आराखड्यात तिच्यावर रस्ता, शाळा वा अन्य आरक्षण आहे काय, हे नगररचना कार्यालयात जाऊन पाहावे. नवी इमारत असेल तर महारेराचा क्रमांक पाहावा. परंतु तेवढ्याने समाधान मानू नये. खोट्या कागदांवर असे क्रमांक मिळविल्याचे कल्याण-डोंबिवलीत उघडकीस आले आहे. म्हणून महापालिकेची बांधकाम परवानगी महापालिकेतच पडताळावी. झोपडपट्टीतील खोली घेणाऱ्याने ती संरक्षित आहे काय आणि हस्तांतरणास मान्यता आहे काय, हे विचारल्याखेरीज एक पैसाही देऊ नये.

आता नकाराविषयी. घटनेचे १५ वे कलम मुख्यतः राज्यसंस्थेला बांधते. खाजगी घरमालक त्याआड दडतो. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवणारा, उपविधी वैध ठरविला. हा निर्णय आपल्या वाटेतील धोंडा आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु १७ वे कलम व्यक्तीलाही बांधते. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यास १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव आहे. कोणत्याही वस्तीत घर बांधणे, मिळविणे वा त्यात राहणे याला अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रतिबंध करणे, हा त्याच्या कलम ४ खाली गुन्हा असून त्यास एक ते सहा महिने कैद व दंड अशी शिक्षा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे आहे. ज्याच्या बाबतीत असे कृत्य घडले तो अनुसूचित जातीचा असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. "आम्ही फक्त शाकाहाऱ्यांना देतो" हा पडदा अशा वेळी घरमालकाला पुरेसा पडेलच असे नाही. दलालाचे संदेश जपून ठेवावेत, बोलणे झाले ती तारीख लिहून ठेवावी, सोबत एक साक्षीदार न्यावा. सहकारी संस्थेत घर घेतले आणि सभासदत्वाच्या अर्जावर तीन महिन्यांत उत्तर आले नाही, तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे सभासदत्व मिळाले असे मानले जाते. नकार आल्यास निबंधकाकडे दाद मागता येते.

दीक्षेनंतर हे संरक्षण जाते काय, असे नवदीक्षित पुन्हा पुन्हा विचारतात. जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींच्या व्यक्तींचा दर्जा कायम राखला गेला आहे. मात्र गाव सोडण्यापूर्वी एक काम अवश्य करा. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख लागते. त्या सुमारास वाडवडील कोठे राहत होते याचा पुरावा विचारला जातो. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील नोंद, जुना सातबारा, जे मिळेल त्याच्या प्रमाणित नकला गावातून निघण्यापूर्वी घ्या. शहरातून त्या मिळविण्यास किती खेटे पडतात हे आमच्या पक्षकारांना विचारा. सुरत, इंदूर, हैदराबाद अशा परराज्यांतील शहरांत जाणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, १९९० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे राखीव जागांचा लाभ नव्या राज्यात सोबत येत नाही. तो मूळ राज्यातच राहतो.

पैशाचा हिशेब कसा करावा? सिगालोवाद सुत्तात गृहस्थाने मिळकतीचे चार भाग करावेत असे सांगितले आहे : एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि चौथा संकटासाठी राखून. आजच्या पगारदाराला हे प्रमाण जसेच्या तसे पाळता येणार नाही. परंतु चौथा भाग खाऊन टाकणारे घर घेऊ नये, एवढा बोध त्यातून निश्चित निघतो. भाड्यात प्रवासखर्च मिळवून पाहावा. लांबचे स्वस्त घर गाडीभाड्याने व रोजच्या तीन तासांनी महाग पडते, आणि ते तास बहुधा घरच्या बाईच्या झोपेतून व मुलांच्या अभ्यासातून वजा होतात.

जागा दिवसा पाहावी, आणि रात्री नऊनंतर पुन्हा पाहावी. आपली मुलगी शिकवणीहून एकटी चालत येईल तो रस्ता स्वतः चालावा. दिवे आहेत काय? दारूचा गुत्ता कोठे आहे? पाणी किती वाजता व किती वेळ येते, हे घरमालकाला न विचारता नळावरच्या बायांना विचारावे. शक्य असेल तर पावसाळ्यात एकदा जाऊन यावे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत मिठी नदीने आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याने जे केले, त्यानंतर नाल्याच्या काठची स्वस्त खोली स्वस्त म्हणवत नाही.

सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत आधी पाहण्याची गोष्ट म्हणजे शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या व सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. खाजगी शाळांतील २५ टक्के जागांसाठी घर व शाळा यांतील अंतर मोजले जाते. म्हणून घराचा पत्ता हाच मुलाच्या शिक्षणाचा पत्ता ठरतो. मध्येच बिऱ्हाड हलविले आणि जुन्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला, तरी केवळ त्या कारणावरून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. खोली एक फूट लहान चालेल. शाळा एक मैल दूर चालणार नाही. विहार चालत जाण्याजोगा असेल तर उत्तमच. नसेल तर चार कुटुंबांनी मिळून रविवारी एका घरी वंदना सुरू करावी. विहाराचा आरंभ तसाच होतो.

जे बांधव शहरात आधीच स्थिरावले आहेत त्यांनाही एक सांगणे आहे. ज्यांच्या नावे घर आहे, त्यांनी नव्याने येणाऱ्या कुटुंबाला दोन महिने आसरा द्यावा, करार वाचून द्यावा, सोबत घर पाहावयास जावे. बडोद्याच्या त्या दिवशी बाबासाहेबांना दार उघडणारे एक घर असते तर त्यांना बागेत बसावे लागले नसते. आज आपली घरे शेकडो वस्त्यांत आहेत. त्यांतील एकही दार, आलेल्या माणसाला बागेत बसविणारे, असू नये.

आणि नव्या घरात शिरल्यावर पहिला खिळा कोणता ठोकावयाचा, हे त्या भगिनीने आम्हांस शिकविले आहे. तिने दुसरी खोली घेतली, ती खऱ्या नावाने, नोंदलेल्या कराराने. पहिल्या दिवशी तिने गोणपाट सोडले आणि दोन्ही तसबिरी दारासमोरच्या भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा, लावल्या. खिळा मुलीने ठोकला.