कॉम्प्युटर चालू, पण मुदत संपली

एक्स-रेच्या खोलीतला कॉम्प्युटर कुणाच्या फारसा लक्षात येत नाही. पाथर्डी असो वा अकोले, हातात फिल्म पडली की रुग्ण घरी जातो. पण डिजिटल एक्स-रे किंवा रक्ततपासणीचे यंत्र बहुधा एका साध्या पीसीला जोडलेले असते आणि त्यावर विंडोज चालते. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित, मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. पीसी सुरूच राहतात; फक्त त्यांच्यात नवी भगदाडे सापडली, तर ती बुजवायला कुणी येत नाही.

विंडोज ११ टाकायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर हवा. त्याआधीचे धडधाकट कॉम्प्युटरही त्यामुळे बाद. मुदतवाढ विकत मिळते. संस्थांना प्रत्येक कॉम्प्युटरमागे पहिल्या वर्षी ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, तेही तीनच वर्षे. एकूण ४२७ डॉलर. एवढ्यात साधा नवा पीसी येतो, आणि हा हिशेब योगायोगाने जुळलेला नसावा. युरोपातल्या घरगुती ग्राहकांना मात्र ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर एक वर्ष फुकट मिळाले.

धोका कागदावरचा नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना वेठीस धरले. दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, पण असंख्य यंत्रांवर ती पोहोचलेली नव्हती; सुमारे १९ हजार भेटी व शस्त्रक्रिया रद्द झाल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला, तेव्हा केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले.

मग फुकटचे लिनक्स का नको? सी-डॅकचे ‘बॉस’ आहे, केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे लिनक्सवर चालतात, आणि संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारलेली ‘माया’ प्रणाली स्वीकारल्याची बातमी आली. लष्करी शहर असलेल्या नगरला ती जवळची. अडचण वेगळीच आहे. एक्स-रे यंत्राचा प्रोग्राम कंपनीने अनेकदा केवळ विंडोजसाठी लिहिलेला असतो. त्याला परस्पर हात लावला, तर देखभाल करार धोक्यात येतो.

विक्रेत्यांची ही ओढाताण जुनी आहे. १९८८ मध्ये युनिक्सचे प्रमाण कुणाचे, यावरून एकीकडे एटी अँड टी आणि सन, तर दुसरीकडे आयबीएम, एचपी, डिजिटल अशा छावण्या पडल्या. एका युनिक्सचा प्रोग्राम दुसऱ्यावर नीट चालेना. या भांडणातून मायक्रोसॉफ्टला वाट मोकळी मिळाली. १९९३ मध्ये विंडोज एनटी बाजारात आले.

रुग्णालयाला आज हे भांडण सोडवता येणार नाही, पण खरेदीचा कागद त्याच्या हाती आहे. यंत्र दहा वर्षे चालणार असेल, तर त्यातली प्रणाली दहा वर्षे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी विक्रेत्याची, ही अट निविदेतच घालता येते. जुन्या पीसीचे इंटरनेट तोडणे, नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवणे आणि कुणाचाही पेन ड्राइव्ह त्यात न घालणे, एवढे तर बिनखर्चाचे आहे. यातला पेन ड्राइव्हच सर्वांत अवघड जाईल.