ज्युरीतले बारा आणि गावातले पंच



परवा अभ्यासवर्गात एक वकीलसाहेब म्हणाले, ज्युरी परत आणा. न्यायाधीश सगळे वरच्या जातीचे, तेव्हा न्याय लोकांच्या हातात द्या. टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. लोक म्हणजे कोण, ते आधी सांगा.

माझ्या मामाचं घर पेटवलं तेव्हा पंचनाम्यावर सह्या करायला लोकच आले होते. सगळे वरच्या आळीचे. चिमणी कलंडून आग लागली, असं लिहिलं. मामी ओरडून सांगत होती, घरात वीज आहे, चिमणी आली कुठून? पंचांनी ऐकलं, सह्या ठोकल्या, आमच्या हातचं पाणीही न घेता गेले. याच पंचांना कोर्टात खुर्च्या द्यायच्या आणि त्यांना ज्युरी म्हणायचं?

नानावटी खटल्यानं ज्युरी गेली असं सांगतात. खरं तर विधी आयोगानं १९५८ सालीच ज्युरी काढा म्हटलं होतं. नानावटीला ज्युरीनं १९५९ मध्ये आठ विरुद्ध एकनं निर्दोष ठरवलं, ते न्यायाधीशालाच पटलं नाही. त्या नऊ जणांची मोजदाद छापलेली आहे : दोन पारशी, एक अँग्लो-इंडियन, एक ख्रिस्ती, पाच हिंदू. पाच हिंदू! ब्राह्मण की मातंग? लिहिणाऱ्याला तेवढं पुरलं.

आता आपल्या घरचा मुद्दा. १९७२ साली दलित पँथरनं ज्यांचं नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरच्या १९६६ च्या कार्यक्रमात मागणी होती, काळ्यांचा खटला काळ्यांच्याच ज्युरीपुढे चालवा. त्यांना ते कळलं होतं. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या पोराला हाल करून मारलं. बारा गोऱ्यांची ज्युरी सदुसष्ट मिनिटांत बाहेर आली : निर्दोष. सोडा प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं त्यातला एकजण म्हणाला. पुढच्या वर्षी मारेकऱ्यांनी पैसे घेऊन मासिकात कबुली दिली. त्यांचं काय वाकडं झालं? काही नाही.

मग आपणही आपली ज्युरी मागावी? गावात आमची घरं वीस. त्यातला एखादा ज्युरीत बसला आणि खरं बोलला, तर दुसऱ्या दिवशी त्याची मजुरी बंद.

न्यायाधीश चांगले असं मी म्हणत नाही. तमिळनाडूत किळवेण्मणीला १९६८ मध्ये चव्वेचाळीस दलित जाळले. १९७३ साली मद्रास हायकोर्टानं जमीनदारांना सोडलं. एवढे श्रीमंत, गाडीवाले लोक स्वतः चालत जाऊन झोपड्या पेटवतील हे पटत नाही, म्हणे! साला, डोकं फिरतं वाचून. पण वाचता येतं ना? त्या न्यायाधीशाला कारण लिहावं लागलं, म्हणून त्याच्या मनातली घाण आज आपल्या हातात आहे. सदुसष्ट मिनिटं बारा डोक्यांत काय चाललं होतं त्याचा कागद कुठाय? ज्युरी एक शब्द बोलते आणि घरी जाते.

मामाच्या केसमधले आरोपी सुटले. निकालाची नक्कल काढली, इंग्रजी. रात्रपाळीहून आल्यावर डिक्शनरी घेऊन दोन महिने एकेक ओळ लावत बसलो. सहाव्या पानावर सापडलं : पंच गावातले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत, त्यांनी खोटं बोलण्याचं कारण दिसत नाही.

त्याच वाक्यावर बोट ठेवून आम्ही अपील केलंय. तारीख अजून लागलेली नाही.