साप पाळायचाय? नोंदणीच्या आधी २० वर्षांचा हिशेब मांडा

मनगटाला वेटोळे घातलेला तपकिरी-सोनेरी अजगर, मागे गाणे आणि खाली कमेंट : ‘भावा, कितीला मिळतो?’ अशा रील्सना हमखास जोडलेले उत्तरही ठरलेले असते. परदेशी आहे, बिनविषारी आहे, कायदेशीर आहे. यातली पहिली दोन विधाने खरी असतात. तिसरे अर्धेच खरे असते. आणि तिन्ही खरी असली तरी साप घरात आणावा, असे त्यातून ठरत नाही.

कायदा काय सांगतो?

नाग, घोणस, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार संरक्षित आहेत. त्यांना पकडून घरात ठेवणे हा गुन्हा आहे. काही प्रजातींच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘जखमी होता, म्हणून ठेवला’ ही सबब चालत नाही. वन विभागाला कळवावेच लागते.

परदेशी सापांचे नियम वेगळे आहेत. रील्समध्ये सर्वाधिक दिसणारा बॉल पायथन हा मूळचा आफ्रिकेतला. त्याचा व्यापार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अशा प्राण्यांना आपल्या कायद्यात आणले. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार त्यांची ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. जन्म, मृत्यू आणि मालकबदलही कळवावा लागतो.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण साप आला कुठून, ही. २०२० मध्ये केंद्राने परदेशी प्राणी स्वेच्छेने जाहीर करणाऱ्यांना सवलत दिली. मुदतीत माहिती दिली, तर मूळ कागदपत्रे मागितली जाणार नव्हती. मोजणीसाठी ते सोयीचे होते. पण तस्करीतून आलेला प्राणीही त्यातून ‘कायदेशीर’ होऊ शकत होता. तस्करी थांबलेली नाही. जून २०२५ च्या सुरुवातीला थायलंडहून मुंबई विमानतळावर आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात ४० हून अधिक विषारी साप सापडले. मागणी असते, म्हणून साप बॅगेत कोंबले जातात.

दुसरी अडचण खुद्द सापाची आहे. बॉल पायथन घाबरला की डोके आत घेऊन स्वतःचा चेंडू करतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. म्हणजे रीलमध्ये ‘किती शांत आहे बघा’ म्हणून दाखवला जाणारा साप अनेकदा भेदरलेला असतो. कुत्र्यासारखा तो मालकाला लळा लावत नाही. त्याला लपायला जागा हवी, पेटीत एक उबदार आणि एक थंड कोपरा हवा. तापमान बिघडले की पचन बिघडते. खायला उंदीर लागतात आणि कधी कधी तो महिनोन्‌महिने खातच नाही. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांकडून साल्मोनेलाचा संसर्ग होऊ शकतो. लहान मुलांच्या घरात हा धोका अधिक.

हे सगळे २० ते ३० वर्षे करायचे असते. आज विशीतला तरुण साप आणतो. मग नोकरी, बदली, भाड्याचे घर, लग्न. कंटाळा आला म्हणून साप सोडून द्यायचा, तर काय होते, ते अमेरिकेतील फ्लोरिडाने पाहिले आहे. पाळीव म्हणून आणलेले बर्मीज अजगर तिथल्या एव्हरग्लेड्स पाणथळीत पसरले आणि स्थानिक सस्तन प्राणी झपाट्याने कमी झाले. अमेरिकेने २०१२ मध्ये त्यांच्या आयातीवर बंदी घातली. तोवर उशीर झाला होता.

मग करायचे काय?

नोंदणी हवीच. पण नोंदणी म्हणजे मालकीची नोंद. काळजीची हमी नव्हे. पिंजरा, खाद्य, साप तपासू शकणारा पशुवैद्य आणि मालकाला जमेनासे झाल्यावरची सोय, हे सारे आधी तपासले गेले पाहिजे. तोवर सापांची आवड असणाऱ्यांनी पुण्यातल्या कात्रजचे सर्पोद्यान पाहावे, आपल्या तालुक्यातले साप ओळखायला शिकावे. शेतात उंदीर खाणारी धामण ओळखता आली आणि काठी खाली ठेवली गेली, तर एक साप खरोखर वाचतो. त्यासाठी तो विकत घ्यावा लागत नाही.