नाव एक, ‘गोपाल कृष्ण’ तीन

जन्माष्टमीच्या सुमारास जुन्या चित्रपटांचा विषय निघाला की ‘गोपाल कृष्ण’ हे नाव हटकून येते. वडीलधारी मंडळी एका चित्रपटाची आठवण सांगत असतात, धाकटी मंडळी दुसऱ्याच चित्रपटाच्या आठवणीने माना डोलवतात, आणि आपण दोन निरनिराळ्या कृतींविषयी बोलत आहो हे कोणाच्याच ध्यानी येत नाही. वास्तविक या नावाचे निदान तीन चित्रपट झाले.

१९२९ साली कोल्हापुरात शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर व कुलकर्णी या पाच भागीदारांनी ‘प्रभात’ स्थापन केली. तिची पहिलीच कृती ‘गोपाल कृष्ण’. दिग्दर्शन शांतारामांचे. तो मूकपट होता. पडद्यावरील कृष्णाने मुरली ओठांशी धरावी आणि सूर प्रेक्षकाने मनात ऐकावा, असा तो काळ.

पुढे ‘प्रभात’ पुण्यास आली आणि १९३८ मध्ये तिनेच तेच नाव पुन्हा घेतले. या वेळी दिग्दर्शन दामले-फत्तेलाल यांचे. दोनच वर्षांपूर्वी ‘संत तुकाराम’ घडविणारी हीच जोडी. संगीत मास्तर कृष्णरावांचे, राधा शांता आपटे, आणि कृष्ण झाले होते कुमारवयातील राम मराठे, ज्यांचे गाणे पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. आता मुरली खरोखर ऐकू आली. गोकुळचे दूधलोणी मथुरेस जाते आणि गोकुळची पोरे तोंडाकडे पाहत राहतात, हा भाव आपल्या काल्याच्या कीर्तनात जुनाच आहे. देशावर परकी सत्ता असताना कंसाचे हे आख्यान पाहणाऱ्यास कंस कोण ते वेगळे सांगावे लागले असेल, असे आम्हांस वाटत नाही.

तिसरा, १९७९ चा, राजश्रीचा हिंदी चित्रपट. दिग्दर्शक विजय शर्मा, म्हणजे १९७५ च्या ‘जय संतोषी माँ’चेच, संगीत रवींद्र जैन यांचे. त्याचाही भाविक प्रेक्षक आहे, आणि त्याच्या श्रद्धेला आम्ही उणे लेखीत नाही.

कोणी म्हणेल, नाव देवाचे. ते कितीही जणांनी घ्यावे, कर्ता कोण याची उठाठेव कशाला? विष्णूला सहस्र नामे आहेत; एका नामाचे तीन चित्रपट झाले तर बिघडले काय? काहीच नाही. एकच आख्यान दहा कीर्तनकार लावतात आणि दहाही वेळा आपण ऐकतो. परंतु बुवा कोणते, हे विचारल्यावाचून कोणी कीर्तनास जात नाही. गौळणी तर नामदेवांनी रचल्या, एकनाथांनी रचल्या, तुकोबांनीही रचल्या; विषय तोच, तरी प्रत्येकीच्या अखेरीस कर्त्याची मुद्रा असते. ज्यांनी अहंकार सोडा म्हणून जन्मभर सांगितले, त्यांनीही नाममुद्रा सोडली नाही. ती नसती तर कोणती गौळण कोणाची, हे आज आपण कसे ओळखले असते?

म्हणून उत्सवात हे चित्रपट दाखविणाऱ्या मंडळांना आमची सूचना आहे: फलकावर ‘गोपाल कृष्ण’ एवढेच लिहू नका, पुढे साल आणि दिग्दर्शकाचे नाव घाला. खडूने लिहिलेली एक ओळ, तिला खर्च नाही. नुसते नाव लिहिले की नवा चित्रपट जुन्याला झाकतो, बोलपट मूकपटाला झाकतो. आणि कोल्हापुरात पाच जणांनी ज्या कृतीने ‘प्रभात’चा श्रीगणेशा केला, तिचे स्मरण या सणालाही कोणास होत नाही.