लेथचा गाडा सरकतो कसा?



"गुरुजी, लेथ घरी बनवता येतो का?" आमच्या सुलतानपूरच्या शाळेत आलेला हा प्रश्न. हो, येतो! हौशी मंडळी बनवतात. नांगर बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या उद्योगाने १९४१ साली हरिहरला लेथचा कारखाना काढला होता. पण घरच्या लेथची खरी परीक्षा होते ती गाड्यात.

लेथवर लोखंडी सळई गरगर फिरते आणि तिला कातणारं हत्यार एका गाड्यावर बसून हळूहळू सरकतं. या गाड्याला कारागीर 'कॅरेज' म्हणतात. तो हाताने ढकलला तर काम वेडंवाकडं होणारच. म्हणून त्याला आट्यांच्या लांब सळईने ओढतात. बाजारात मिळणाऱ्या १० मिलीमीटरच्या सळईचे आटे साधारण दीड-दीड मिलीमीटरवर असतात. म्हणजे एका फेऱ्यात गाडा दीड मिलीमीटर सरकतो. मग १५० मिलीमीटर जायला किती फेरे? शंभर! हात दुखून येतील. त्यासाठी दुसरी सोय असते, दातेरी पट्टी आणि छोटं दातेरी चाक. दोन दातांतलं अंतर ३.१४ मिलीमीटर आणि चाकाला १४ दात असले, तर एका फेऱ्यात गाडा जवळजवळ ४४ मिलीमीटर पळतो. बाकीचा हिशेब वहीत करा.

पण पट्टीवर पळायचं तर सळई सोडायला हवी ना? म्हणून सळईवरचा नट दोन फाकांचा असतो. मिटला की पकडतो, उघडला की सोडतो. आता गंमत पहा. अख्खा नट करवतीने कापला, तर करवतीच्या जाडीएवढं पितळ भुसा होऊन जातं आणि फाका नीट मिटत नाहीत. म्हणून आधी पितळेचे दोन तुकडे डाख देऊन जोडायचे, बरोबर सांध्यावर साडेआठ मिलीमीटरचं भोक पाडायचं, टॅपने आटे पाडायचे आणि मग तापवून तुकडे सोडवायचे. कसली भारी युक्ती! (पालकांनो, डाख देताना जवळ थांबा.)

एवढं करूनही थोडी ढिलाई राहतेच. जुन्या हापशाचा दांडा आधी नुसताच डुगडुगतो आणि मग पाणी ओढतो, तसंच. मूठ उलटी फिरवली की गाडा क्षणभर हलतच नाही. म्हणून माप घेताना जरा मागे जायचं आणि नेहमी एकाच दिशेने पुढे यायचं.